मजुराची नोंद आणि आपली हरकत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाजाराच्या दिवशी आमच्या सेवा केंद्रासमोर एक बाकडं टाकलेलं असतं. फॉर्म भरायला आलेली माणसं तिथे टेकतात आणि फॉर्मपेक्षा प्रश्नच जास्त विचारतात. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, पण प्रश्न मेळघाटातले असोत की भंडाऱ्याच्या धानपट्ट्यातले, थोडेफार सारखेच. मी वकील नाही, सरकारी माणूसही नाही. दहा-बारा वर्षं मजुरांचे अर्ज भरतो आहे, तेवढ्यावर ही उत्तरं लिहिली आहेत.

सरकार मजुरांची माहिती घेतं तरी कुठे कुठे?

रोजगार हमीचं जॉबकार्ड आणि मस्टर (हजेरीपट), असंघटित कामगारांचं ई-श्रम कार्ड, बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी, दारावर येणारा श्रमबल सर्वेक्षणाचा माणूस, आणि जनगणना. ही पाच नावं आपल्याकडे रोज कानावर पडतात.

यातली पहिली तीन तुमच्या नावानं असतात. नोंद झाली तर काम, मजुरी, योजना मिळणार, नाही झाली तर नाही. शेवटच्या दोन निव्वळ मोजणीसाठी असतात. तिथे तुमचं नाव कुणाला नको असतं, गावात किती बायाबापड्यांच्या हाताला काम आहे एवढंच हवं असतं. ही दोन खाती लोक एक समजतात आणि तिथेच घोळ होतो. मोजणीवाल्याला भीतीपोटी खोटं सांगतात आणि योजनेच्या फॉर्मवर दुसऱ्यानं काय लिहिलं ते न वाचताच अंगठा देतात. खरं म्हणजे उलटं करायला हवं.

सर्वेवाल्याला खरं सांगितलं तर रेशन बंद होईल का?

नाही. सर्वेक्षणाची माहिती सांख्यिकी संकलन अधिनियम, २००८ खाली गोळा होते आणि ती फक्त आकडेवारीसाठी वापरायची असते. जनगणनेचा कायदा १९४८ चा. त्यात तर गणकानं लिहिलेली नोंद कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही. सालदार असाल तर सालदार सांगा, दोन एकर ठेक्यानं केली असेल तर तेही सांगा.

एकाच घरी चार महिने लागोपाठ तोच माणूस येतो. आमच्यावर काही संशय आहे का?

संशय नाही, पद्धतच तशी आहे. श्रमबल सर्वेक्षण २०१७ मध्ये सुरू झालं, तेव्हा गावातल्या घराला एकदाच भेट देत. जानेवारी २०२५ पासून निवडलेल्या घरी सलग चार महिने चार वेळा यायचं ठरलं आणि तेव्हापासून आकडे दर महिन्याला निघतात. तुमचं घर निवडलं गेलं ते चिठ्ठी काढल्यासारखं.

"मी काही काम नाही करत जी, वावरात जाते फक्त." असं सांगितलं तर काय लिहितात?

या प्रश्नावर मी जरा जास्त बोलतो, कारण निम्मं नुकसान इथेच होतं.

सर्वेक्षणात विचारतात, गेल्या सात दिवसांत काय केलं? सातातल्या एका दिवशी एक तासभर जरी काम केलं असेल तरी त्या आठवड्यापुरतं तुम्ही "रोजगारात" धरले जाता. दुसरा हिशेब वर्षाचा असतो. वर्षातला जास्त काळ कशात गेला, आणि त्याशिवाय तीस दिवस किंवा जास्त दुसरं काही केलं का, हे पाहतात. आता आपल्याकडची बाई घ्या. आषाढात निंदण, दिवाळीच्या मागेपुढे दुसऱ्याच्या वावरात किलोवर कापूस वेचणी, मधल्या काळात घरच्या तीन एकरांत नवऱ्याबरोबर राबणं, उन्हाळ्यात जळतन गोळा करणं. तिला विचारलं तर ती म्हणते, घरीच असते. लिहिणारा घरकाम लिहून मोकळा. माझ्या आईच्या बाबतीत हेच झालं. तिच्या हाताला बोंडाची कुसं टोचून पडलेले ओरखडे होते आणि कागदावर होतं, घरकाम.

सर्वेक्षणाच्या संकेतांकांत या प्रत्येक गोष्टीला वेगळा रकाना आहे. घरच्या शेतात विनामजुरी राबणं हा काम करणाऱ्यांचाच रकाना, त्याला घरच्या व्यवसायातला मदतनीस म्हणतात. दुसऱ्याच्या वावरात रोजीनं जाणं म्हणजे रोजंदारी मजुरी. रोजगार हमीच्या कामाला स्वतंत्र आकडा आहे. नुसतं घरकाम वेगळं, आणि घरकाम सांभाळून जळतन, चारा, भाजीपाला गोळा करणं आणखी वेगळं. म्हणून "काम करता का?" असं विचारलं की हो-नाही करू नका, दिवस सांगा. सोमवारी वेचणीला, मंगळवारी वेचणीला, बुधवारी बाजार, गुरुवारी घरच्या तुरीला. मग लिहिणाऱ्याला दुसरं काही लिहिताच येत नाही.

जनगणनेतही असंच आहे. वर्षात सहा महिने किंवा जास्त काम केलेला मुख्य कामगार, त्याहून कमी केलेला सीमांत. शेतकरी आणि शेतमजूर हे रकानेही वेगवेगळे आहेत. जनगणना २०२७ चा गणक दारात आला की घरातल्या बायांना पुढे बसवा. त्यांच्या दिवसांचा हिशेब नवऱ्याला पाठ नसतो.

हरकत, सूचना आणि तक्रार यांत फरक काय?

नियम कच्चा, म्हणजे नुसता मसुदा असताना "हे असं नको" म्हटलं की ती हरकत. "त्याऐवजी असं करा" म्हटलं की सूचना. नियम पक्का झाल्यावर तो तुमच्या बाबतीत पाळला नाही तर तक्रार. आपण सगळे तक्रारीत तरबेज आहोत. पहिल्या दोन्हींच्या वेळी मात्र कुणाला पत्ताच नसतो.

कच्चा नियम निघाला हे गावात कळणार कसं?

खरं सांगायचं तर अवघडच आहे. मसुदा राजपत्रात निघतो, खात्याच्या संकेतस्थळावर येतो, कधी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात. बऱ्याच कायद्यांत नियम करण्याआधी मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवण्याची अट असते. मुदत कधी ३० दिवस, कधी ४५. केंद्राचं २०१४ चं एक धोरणही आहे की कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा. पण ते धोरण आहे, कायदा नव्हे, त्यामुळे सोयीप्रमाणे पाळलं जातं. रोजगार हमीचा नवा कायदा पाहा. लोकसभेत १६ डिसेंबर २०२५ ला विधेयक मांडलं आणि त्याच आठवड्यात दोन्ही सभागृहांतून मंजूरही झालं. आमच्या गावात ती बातमी पोचली तेव्हा वेचणी चालू होती.

तरी वेळ गेलेली नाही. नव्या कायद्यात १०० ऐवजी १२५ दिवसांची हमी आहे, पण त्याखाली राज्यांच्या योजना आणि नियम यायचे आहेत, आणि हजेरी कशी घ्यायची, नोंद कशी करायची हे तिथेच ठरतं. तालुक्यात कोणी राजपत्र पाहणारं असेल, एखादा शिक्षक, पत्रकार, कॉलेजचा पोरगा, तर त्याला सांगून ठेवा. आम्ही महिन्यातून दोनदा पाहतो आणि कामाचं काही दिसलं की बाकड्यामागच्या भिंतीवर चिकटवतो.

मराठीत, हातानं लिहिलं तर घेतात का?

घेतात, घ्यावंच लागतं. संविधानाचा अनुच्छेद ३५० सांगतो की गाऱ्हाणं मांडण्यासाठीचं निवेदन केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतं. "इंग्रजीतच पाहिजे" असं कोणी म्हणालं तर हा अनुच्छेद अर्जाच्या डोक्यावर लिहा. वऱ्हाडीत लिहिलं तरी माझी काही हरकत नाही.

पण लिहायचं काय? आम्ही तर शिकलेलो नाही.

"मजुरांवर अन्याय होत आहे, शासनाने दखल घ्यावी" एवढंच लिहिलेलं पत्र कुणी उघडून पाहतही नाही. त्यात धरायला काहीच नसतं. चांगल्या सूचनेत चार गोष्टी लागतात. मसुद्यातला कोणता नियम किंवा कोणता रकाना, आपल्या गावात त्याचं काय होतं, ते किती जणांच्या बाबतीत होतं, आणि त्याऐवजी नेमके कोणते शब्द हवेत. नमुना देतो, त्यातले आकडे काढून तुमचे खरे घाला:

"मसुद्यातील नियम अमुक. हजेरी दिवसातून दोनदा फोटोने घ्यावी असे म्हटले आहे. आमच्या पाझर तलावाच्या कामावर रेंज नाही. फोटो चढवण्यासाठी मेटला (हजेरी घेणाऱ्या मुकादमाला) टेकडीवर जावे लागते. मागच्या उन्हाळ्यात ११ मजुरांची ४ दिवसांची हजेरी लागली नाही व मजुरी बुडाली. नियमात पुढील वाक्य घालावे: फोटो चढला नाही तर मेट व दोन मजुरांची सही असलेला त्या दिवसाचा कागदी हजेरीपट ग्राह्य धरावा."

खाली नाव, गाव, सही किंवा अंगठा. एका पानाच्या वर जाऊ नका.

आमच्या एका कागदानं काय होणार?

एका कागदानं नियम बदलतो असं मी म्हणत नाही. सरकारवर सूचना मान्य करण्याचं बंधन नाही. पण आकडा ऐका. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचे नियम २०२५ मध्ये झाले, त्याआधी देशभरातून ६,९१५ सूचना आल्या होत्या. एवढ्या मोठ्या देशातून फक्त एवढ्या. चर्चेच्या बैठका दिल्ली, मुंबई, गुवाहाटी, कोलकाता, हैदराबाद, बेंगळुरू आणि चेन्नईत झाल्या. नागपूरसुद्धा त्यात नाही, मग मेळघाटातल्या धारणीची आणि गडचिरोलीतल्या एटापल्लीची गोष्टच सोडा. जिथून कोणी लिहीतच नाही तिथला अनुभव नियम लिहिणाऱ्याच्या टेबलावर पोचत नाही. त्याच्या लेखी सगळीकडे रेंज असते आणि सगळ्यांची बोटं मशीनवर उमटतात.

फोटोच्या हजेरीला आपण विरोध करायचा का?

मला विचाराल तर फोटोला विरोध नाही, फोटोशिवाय दुसरं काहीच न मानण्याला विरोध आहे. जुनं कागदी मस्टर काही सोवळं नव्हतं. महाराष्ट्रात रोजगार हमी १९७२ च्या दुष्काळात उभी राहिली. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पाग्यांनी ती मांडली आणि १९७७ ला तिचा कायदा झाला. पण मेलेली माणसं मस्टरवर माती खणतात ही थट्टा त्याच काळातली. पुढे २००६ मध्ये केंद्राचा कायदा लागू झाला तेव्हा यवतमाळ, अमरावती, चंद्रपूर, गडचिरोली पहिल्याच टप्प्यात होते. म्हणजे आमच्याकडे मस्टरची लबाडी आणि मस्टरची गरज या दोन्हींची ओळख जुनी आहे.

मोबाईलवरची हजेरी मे २०२१ मध्ये आली आणि १ जानेवारी २०२३ पासून सार्वजनिक कामांवर सक्तीची झाली. लबाडी त्यानं थांबली का? जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानंच राज्यांना लिहिलं की कामाचा नसलेला फोटो, फोटोचाच काढलेला फोटो, असलं काहीही चढवलं जातं आहे. लबाडाला वाट सापडली आणि रेंज नसलेल्या प्रामाणिक मजुराचा रोज बुडाला. हे वाक्य सूचनेत जसंच्या तसं लिहिलं तरी चालेल.

माझं नाव जॉबकार्डातून कोणी कापलं जी?

२०२२-२३ या एका वर्षात देशभरात ५ कोटींहून जास्त मजुरांची नावं कमी झाली, हे सरकारनंच संसदेत सांगितलं. कारणांच्या यादीत बनावट कार्ड, दुबार कार्ड, मृत, गाव सोडून गेलेले, आणि "काम करण्यास इच्छुक नाही" असे शेरे होते.

हा शेवटचा शेरा आमच्याकडे फार खुपतो. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या बाया मिरची तोडायला तेलंगणात जातात. मेळघाटातली कुटुंबं सोयाबीन सोंगायला सपाटीवर उतरतात. ती अडीच-तीन महिन्यांनी परत येतात तेव्हा कळतं की आपण कामाला "इच्छुक नाही". पोटासाठी तीनशे कोसांवर जाणाऱ्या बाईला हा शेरा! यादी दुरुस्त करणाऱ्यासमोर "हंगामी स्थलांतर, परत येणार" असा रकानाच नसतो. तो हवा, ही आमच्या गटानं पाठवलेली पहिली सूचना होती.

नाव गेलंच असेल तर ग्रामपंचायतीकडे लेखी मागा की कोणत्या तारखेला, कोणत्या कारणानं, कोणाच्या सहीनं कापलं. खोट्या माहितीचं कारण देऊन नाव काढायचं तर माणसाला दोन त्रयस्थांसमोर बाजू मांडू द्यावी, असं २००५ च्या कायद्याच्या अनुसूचीतच लिहिलं होतं. नव्या नियमांतही ती अट राहावी, अशी सूचना प्रत्येक गावानं करायला हवी.

मजुरांची नावं आणि मजुरी नेटवर सगळ्यांना दिसते. हे बरं की वाईट?

दोन्ही. मस्टर उघडं असतं म्हणूनच सामाजिक अंकेक्षणात, म्हणजे कामाच्या जाहीर तपासणीत, गावासमोर नावं वाचता येतात आणि "हा तर त्या महिन्यात सुरतेला होता" असं कोणी उठून सांगू शकतं. आधार क्रमांक, खातं, जातीचा तपशील मात्र झाकलेलाच हवा.

नोव्हेंबर २०२५ मध्ये माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात बदल लागू झाला. वैयक्तिक आहे म्हणून माहिती नाकारणं आता पूर्वीपेक्षा बरंच सोपं झालं आहे. व्यापक जनहितासाठी माहिती देता येते ही तरतूद कायद्यात अजून आहे, पण ती दाखवून भांडावं लागेल. मजुराच्या नावाच्या आडून कंत्राटदार झाकला जाऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

फॉर्म भरायला आमचे दोन-दोन दिवस जातात. हे कुठे मांडायचं?

सूचनेतच मांडा, तेही रुपयांत. इथे एक परदेशातली गोष्ट सांगावीशी वाटते. अमेरिकेत पेपरवर्क रिडक्शन ॲक्ट नावाचा कायदा १९८० पासून आहे. तिथल्या श्रम खात्याला लोकांकडून माहिती मागायची असेल तर आधी ६० दिवस लोकांचं म्हणणं मागवावं लागतं, नंतर पुन्हा ३० दिवस. आणि हा फॉर्म भरायला माणसाचा सरासरी किती वेळ जाईल याचा अंदाज फॉर्मवरच छापावा लागतो. लोकांचा वेळ खर्चात धरतात.

आपल्याकडे हा हिशेब कोणी करत नाही, म्हणून आपणच करू. रोजगार हमीची मजुरी महाराष्ट्रात २०२५-२६ साठी ३१२ रुपये होती. केवायसीसाठी तालुक्याला दोन फेऱ्या म्हणजे ६२४ रुपये बुडाले, वर एसटीचं भाडं, आणि सर्व्हर बंद असेल तर तिसरी फेरी. "या नोंदणीचा प्रत्येक मजुराला इतका खर्च येतो, ती गावातच कॅम्प लावून करावी" असं लिहिलेल्या सूचनेला उत्तर देणं अवघड जातं.

ग्रामसभेत हे सगळं चालतं का?

चालतं, आणि एकट्याच्या कागदापेक्षा ठरावाला वजन जास्त. १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार, यांतला कमी आकडा म्हणजे गणपूर्ती. ठरावात "सर्वानुमते मंजूर" एवढंच न लिहिता नियमाचा क्रमांक आणि हवी असलेली दुरुस्ती लिहून घ्या, आणि ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल त्याच आठवड्यात मागा. पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांचा कायदा) लागू असलेल्या पाड्यांनी आपली वेगळी ग्रामसभा भरवून ठराव केला तर आणखी चांगलं. मजुरांची सभा संध्याकाळी ठेवा. सकाळी अकराची ग्रामसभा म्हणजे वावरात न जाणाऱ्यांची ग्रामसभा.

ई-श्रमचे पैसे लागतात का?

नोंदणी मोफत आहे. वय १६ ते ५९. अडचण आली तर १४४३४ वर फोन करा.

बांधकाम मंडळाच्या फॉर्मवर ९० दिवसांचा दाखला कोण देणार?

मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला ठेकेदार किंवा ग्रामसेवक देतो. खरा मिस्त्री दाखल्यासाठी हिंडतो आणि ज्यानं कधी थापी धरली नाही त्याला पेटी-भांडी मिळतात, हे गावोगाव पाहायला मिळतं. एजंट अमुक हजारांत सगळं करून देतो म्हणाला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

कामाची मागणी केली पण कार्यालयात पोच देत नाहीत. मग?

रोजगार हमीत नमुना ४ भरून काम मागायचं आणि तारखेची पोच नमुना ५ मध्ये घ्यायची, ही इथली जुनी रीत. पोचेशिवाय पंधरा दिवसांत काम द्यायचं घड्याळ सुरूच होत नाही, आणि कार्यालयात बसणाऱ्याला हे आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. तो म्हणेल ठेवून जा, पाहतो. ठेवून जाऊ नका. चार-पाच जणी मिळून जा, अर्जाची दुसरी प्रत सोबत न्या आणि तिच्यावर आवक क्रमांक व तारीख मागा. नाहीच दिली तर त्याच दिवशी पोस्टात जाऊन तो अर्ज स्पीड पोस्टानं त्याच कार्यालयाला पाठवा. पावतीवर तारीख असते. ती पावती जॉबकार्डाच्या पिशवीत ठेवा, रेशनकार्डाच्या नको, तिथे ती हळदीनं पिवळी होते आणि आकडा दिसत नाही.